एकाच सुईचं गोंदण

प्रिय ज्योत्स्ना,

फोन सोडून पत्र का, असं वाटेल तुला. तीनदा फोन लावला आणि तिन्ही वेळा कळण्याच्या भाकरी नि तुझ्या मयुरीचं कॉलेज, एवढंच बोलून ठेवून दिला. आज चौथा कागद. दोन ओळी लिहिते, उठते, दारात केळीची गाडी भरतेय ती उगाच बघून येते, पुन्हा बसते. आमचे हे विचारतात, हातात पेन आहे की विंचू?

आधी माझं सांगते. श्रावणात इथे रावेरला रक्तदान शिबिर होतं. हौसेनं रक्त दिलं. आठ दिवसांनी रक्तपेढीतून बोलावणं आलं. हेपॅटायटिस सी निघाला. यकृत आतून पोखरणारा विषाणू, वर्षानुवर्षं अंगात राहतो आणि थकव्यापलीकडे काही कळू देत नाही. मला पहिला आठवला रतिलालमामा, त्यालाही हेच झालं होतं. त्याची ती इंजेक्शनं, प्रत्येकाला भरणारी हुडहुडी, गळालेले केस आणि अर्ध्यावर सोडलेला इलाज. मी तर मनातल्या मनात सगळ्यांचा निरोप घेऊन बसले होते.

पण आता तसं राहिलं नाही गं. दोन औषधं एकाच गोळीत, दिवसाला एक, बारा आठवडे, तीही सरकारी दवाखान्यात फुकट. आधी ‘बी’ प्रकारची कावीळ, मूत्रपिंड, सगळं तपासलं. माझी लाडकी ॲसिडिटीची गोळी बंद करायला लावली, तिच्यानं औषधाचा जोर कमी होतो म्हणे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शंभरातले पंच्याण्णव तरी बरे होतात. उरलेल्या पाचांचं काय, असं विचारलं तर म्हणाल्या, त्यांच्यासाठीही दुसरी औषधं आहेत. थोडं डोकं दुखलं, गळून गेल्यासारखं झालं, बाकी काही नाही. गोळ्या संपल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. परवा निकाल आला, विषाणू सापडला नाही. घरात सगळ्यांनी पेढे खाल्ले. मी माझा पेढा तसाच डब्यात परत ठेवला.

कारण पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी माझ्या मनगटाकडे बघून विचारलं होतं, हे कुठे गोंदलं? आठवते ना आपल्या माहेरची यात्रा? माझ्या मनगटावर तुझं नाव, तुझ्यावर माझं. माझ्याआधी त्याच सुईनं बायकांची रांग होऊन गेलेली. तू घाबरून रडायला लागलीस म्हणून गोंदणारणीनं तुझ्यासाठी पुडीतली नवी, बारीक सुई काढली. आणि मी शहाणी मध्येच बोलले, "तीच सुई राहू दे, आम्ही बहिणी शेतस." बहिणीच आहोत, मग वेगळी सुई कशाला! तू डोळे पुसून हात पुढे केलास.

त्या सुईतूनच आला, असं कोणी छातीठोक सांगत नाही. पण दिवाळीत तू म्हणालीस, हल्ली पायरी चढले तरी थकते, जेवण जात नाही, वय झालं. मी तेव्हा गोळ्या घेत होते, ज्योत्स्ना. आणि मी म्हणाले, हो गं, वय झालं. आधी मी बरी होते का बघू, मग सांगू, असं स्वतःला समजावत गप्प बसले. खरं तर तू माझं तोंड बघणार नाहीस, याची भीती होती. नको बघूस. पण सोमवारी पहिल्या गाडीनं मी धुळ्याला येतेय, तुझं रक्त तपासायला न्यायला. उपाशी राहायचं नाही, डबा मी आणते. तू फक्त हात पुढे कर. या वेळची सुई नवी असेल, तुझ्या डोळ्यांदेखत पाकीट फोडायला लावीन.

तुझीच, तुझ्या मनगटावरची,
रत्ना