कुत्र्यांसाठी ठेवलेली फळी

नगर,
१४ जानेवारी २०२५

तीर्थरूप दादास,
शालनचा शि. सा. न.

आज संक्रांत. तिळगूळ पाठवत नाही, कारण तो पाठवला की गोड बोलावं लागतं आणि तुझ्याशी गोड बोलायची आज माझी इच्छा नाही. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मी तुला ब्लॉक केलं आहे. रोज पहाटे उगवत्या सूर्याच्या चित्रावर 'सर्व जीव एकच आहेत' असं वाचून माझं बीपी वाढत होतं. म्हणून हे पत्र.

काल तुझ्या शेजारच्या रतनबाईचा फोन आला होता. दुकानात पूजेची ताटं विकायची सोडून तिला नसत्या चौकशा लागतात, असं तू म्हणशील. लागू देत. सविता गुरुवारी सुप्याहून पोरीला कडेवर घेऊन आली, घोडेगावपर्यंत एसटीनं आणि पुढे जीपनं. आईसाठी नाचणीच्या सत्त्वाचा डबा आणला होता. ती अंगणात दिसताच तू उठलास, भिंतीला टेकवलेली फळी उचललीस, चौकटीत आडवी लावलीस आणि फळीपुढे खुर्ची टाकून पोथी वाचत बसलास. रतनबाई म्हणाली, बाई, आमी समदी बघतच ऱ्हायलो, असं वंगाळ उभ्या गावात कुनी केलं न्हाई.

आपल्या शिंगणापुरात घराला कवाड नसतं. नुसती चौकट. कुत्री शिरू नयेत म्हणून रात्री लोक फळी टेकवतात, पण तू तीही टेकवत नाहीस. दर शनिवारी देवदर्शनाला आलेल्यांना ओसरीत बसवून तू हेच तर ऐकवतोस, की या घरात मुंगीपासून गाढवापर्यंत कोणाला मज्जाव नाही, कारण त्यांच्यातला आणि माझ्यातला जीव एकच. आणि अख्ख्या जीवसृष्टीत फळी लावायला तुला सापडली कोण, तर पोटची लेक.

सविताच्या लग्नाला चार वर्षं झाली. वहिनी उदबत्ती आणायच्या निमित्तानं रतनबाईच्या दुकानात जाऊन लेकीला भेटत होती, हे तुला ठाऊक होतं आणि तू दुर्लक्ष करत होतास. तेवढा शहाणपणा होता तुझ्यात. पण दिवाळीत तिला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आता ती दुकानात जाऊ शकत नाही, म्हणजे सवितालाच आत यावं लागणार. हे समजायला पोथी लागत नाही. गुरुवारी वहिनी आतून ओरडत होती म्हणे. सविताला ऐकू आलं. तुला नाही आलं?

वहिनीची खाट उजेडासाठी मी दाराशी लावून दिली आहे, ती हलवू नकोस. मी दिलेली चार पायांची काठी तिच्या डाव्या हाताशी ठेव. डावा हात चांगला आहे, तो चालता राहिला पाहिजे.

तुझा लोभ आहे असं धरून चालते. नसल्यास कळव, म्हणजे टपालखर्च वाचेल.

तुझी,
शालन


शनिशिंगणापूर,
१९ जानेवारी २०२५

चि. शालन हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. संक्रांतीच्या दिवशी थोरल्या भावाला असे लिहिण्याचे शिक्षण कॉन्व्हेंटात मिळते हे माहीत नव्हते. आबांनी मला गावच्या शाळेत ठेवले आणि तुला नगरच्या बोर्डिंगात घातले, त्याचे फळ आज हाती आले.

फळीबद्दल खुलासा करतो. त्या दिवशी गल्लीत पिसाळलेले कुत्रे फिरत होते. आत आजारी माणूस. फळी लावणे भाग होते. सविता त्याच वेळी आली हा योगायोग. रतनबाईला जे दिसले ते तिने सांगितले, आणि तुला जे हवे ते तू ऐकलेस.

माझे सविताच्या नवऱ्याशी, फराजशी, वैर नाही. सुप्याच्या कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर आहे म्हणतात, असू दे. प्रश्न तत्त्वाचा आहे. जीव एक आहे याचा अर्थ रीत नाही असा होत नाही. नदीचे पाणी एक असले तरी घाट वेगळे असतात. सविताने स्वतःच्या पायाने दुसरा घाट धरला. मी तिला हाकलले नाही, शिव्या दिल्या नाहीत. आत ये म्हणालो नाही, इतकेच.

आणि तू मला शिकवावेस? तुझ्या फ्लॅटला लाकडी दार, त्यापुढे लोखंडी जाळीचे दार आणि तीन कुलपे. काचेच्या भोकातून कोण आले ते बघतेस आणि नको असेल तर घरात नसल्यासारखी गप्प बसतेस. मागच्या खेपेस खिडकीत मांजर आले तर तू त्याच्यावर तांब्याभर पाणी फेकलेस. माझ्या घरात मांजराला वाटीत दूध असते. तेव्हा एकत्वाची भाषा तू करू नयेस.

तुझ्या वहिनीची, झुंबरची, काळजी मी घेतो आहे. ती ओरडते, पण सगळ्यालाच ओरडते. तिला आता कशाचा अर्थ कळतो असे वाटत नाही.

लोभ असावा. जमल्यास थोडा आदरही असावा.

तुझा,
सूर्यभान


नगर,
२४ जानेवारी २०२५

ती. दादास,
नमस्कार. शिरसाष्टांग या खेपेस नाही, गुडघे दुखतात.

पिसाळलेलं कुत्रं वाचून करमणूक झाली. घर उघडं ठेवल्यापासून तुला कुत्र्याची भीती पहिल्यांदा वाटली, ती नेमकी सविता अंगणात आली तेव्हा. आणि कुत्रं पिसाळलेलं होतं, तर दोन वर्षांच्या पोरीला त्याच्यासमोर अंगणात उभी ठेवून तू पोथी वाचत होतास? दोन्हींतलं एक काहीतरी ठरव. खोटारडा की निर्दय, मला दोन्ही चालेल.

माझ्याकडे तीन कुलपं आहेत हे खरं. मांजर मला आवडत नाही हेही खरं. झुरळ आणि मी एक आहोत असं कोणी सिद्ध करून दाखवलं तरी मी चप्पलच शोधणार. पण मी तसं सांगत ओसरीत बसत नाही. माझं दार बंद आहे ते बंद दिसतं, आणि सविता आली की तिन्ही कुलपं उघडतात. फराजलाही उघडतात. त्यानंच माझा गिझर बसवून दिला.

मुंगीशी एकरूप होणं सोपं आहे, दादा. मुंगी तुला न विचारता लग्न करत नाही, आणि केलं तरी गावात तुझी मान खाली जात नाही. गाय उलट उत्तर देत नाही. मुक्या जिवाच्या तोंडी आपल्याला हवं ते घालता येतं, म्हणून ते तुला आपले वाटतात. बत्तीस वर्षं मी सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात सिस्टर होते. माणसं एकच आहेत हे मला कोणी सांगावं लागलं नाही. भाजलेल्याच्या कण्हण्यावरून त्याचं आडनाव कळत नाही. त्या माणसांपैकी निम्मी मला आवडली नाहीत, तरी पाणी सगळ्यांना दिलं. याला तू एकत्व म्हणतोस की नोकरी, मला फरक पडत नाही.

आणि वहिनीला काही कळत नाही असं पुन्हा लिहू नकोस. तिची वाचा गेली आहे, अक्कल नाही. गाईच्या डोळ्यांतलं तुला वाचता येतं म्हणतोस, तर आता तुझ्या घरातही एक मुका जीव आहे. गुरुवारी तो कोणासाठी ओरडत होता, ते वाच.

सविता १ फेब्रुवारीला येईल. शनिवार आहे, तुझं प्रवचन चालू असेल, ते मुद्दामच. मी येणार नाही. मी आले तर तू माझ्याशी भांडशील आणि मूळ गोष्ट बाजूला राहील. तुला तिला अडवायचंच असेल तर सुतार बोलाव, कवाड बसव, कडी लाव, आणि गावाला कारण सांग. ते जमणार नसेल तर बाजूला हो.

लोभ मागत नाही. वहिनीच्या गोळ्या वेळेवर दे.

शालन


शनिशिंगणापूर,
१० फेब्रुवारी २०२५

शालन हीस,
आशीर्वाद.

तुझी चिथावणी फळाला आली, म्हणून कळवतो. दुसऱ्या कोणाकडून तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेले बरे.

१ तारखेला ओसरी भरलेली होती. चौकटीत फळी होती, हे कबूल करतो. तिला पाठ लावून मी बसलो होतो. भुकेल्या श्वानात आपणच भुकेले आहोत, इथपर्यंत आलो होतो. सविता मागे निंबाखाली पोरीला घेऊन उभी होती. पुढे आली नाही. मीही थांबलो नाही. तेवढ्यात आतून कोणी फळीला ढोसू लागले. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्या वेळी फळी माझ्या मानेवर आली. चष्मा गेला. लोक मला उठवायला धावले, आणि मी उठतो आहे तोवर सविता त्याच फळीवर पाय देऊन आत गेली.

झुंबर खाटेच्या कडेला बसलेली होती, डाव्या हातात तुझी ती काठी. दिवाळीपासून ती आधाराशिवाय उठून बसली नव्हती. कोपरगावच्या एका बाईने विचारले की ही कोण. मी काही बोलायच्या आत रतनबाईने दुकानातून सगळ्यांना सांगितले की लेकच हाय, अन् ती नात, इन्शा नाव हाय तिचं. प्रवचन तिथेच संपले. नंतर पाया पडायलाही कोणी थांबले नाही.

फळी मी पुन्हा लावली नाही. लावायला राहिलीही नाही. झुंबरने खुणेने सांगून रतनबाईकडून ती फोडवून बंबात घालायला लावली.

परवाच्या शनिवारी सविता आणि पोर पुन्हा आल्या. सविता आईला भरवते, तिचे केस विंचरते. मी तिच्याशी बोलत नाही, ती माझ्याशी बोलत नाही. ओसरीत कोणाला बसवले नव्हते. उंबऱ्याशी मी मुंग्यांसाठी साखर घालतो, तिथे पोर जाऊन बसली आणि मूठ भरून खाऊ लागली. मुंग्यांसकट. मी पाहत होतो. मग एक तिच्या ओठाला चावली आणि ती रडू लागली. सविता आत होती, झुंबर उठू शकत नाही, जवळ दुसरे कोणी नव्हते, म्हणून उचलावी लागली. ओठावरची मुंगी मी काढली. ती चिरडली गेली.

पोर नंतर खांद्यावरच झोपली. उचलली म्हणजे मान्य केले असे समजू नये.

लोभ आहे तेवढाच ठेवावा, वाढवू नये.

सूर्यभान

ता. क. लहान मुलाच्या ओठाला सूज आली तर काय लावतात ते सिस्टर म्हणून कळवावे. शनिवारच्या आत.