जुनं व्हर्जन

येडशी, शुक्रवार, दिवेलागण

डोकं फिरलंय. पल्लवीनं काल बजावलं होतं, "उद्या पाहुणे बघायला येणारेत. मी त्यांना काय बोलले ते संध्याकाळी मेसेज करते. फोन करू नको." आणि नेमकं आजच चॅटिंगचं अ‍ॅप आपोआप अपडेट झालं. आता उघडतच न्हाय. म्हणतंय, तुमचा फोन जुना आहे.

बाळूच्या मोबाईलच्या दुकानात पळालो. त्यानं जुन्या व्हर्जनची फाइल शोधून दिली, पण ती बसंना.

"नवं काढल्याबिगर जुनं बसत न्हाय," बाळू म्हणाला. "अन् काढलं की आतलं सगळं जातंय."

"आवाजातले मेसेज पण?"

"सगळं. बॅकअप घेतलास का कधी?"

"न्हाय."

"मग कॉलेजात काय शिकलास लेका?"

"अर्ध्यात सोडलं की."

"तरीच!"

काउंटरवर हात आपटला मी. कॉलेज सोडून आलो त्या दिवशी पल्लवीच्या आवाजात आलेलं, "येड्या, आधी जेवून घे." अजून रोज ऐकतो. येड्या, आधी जेवून घे. ते कसं घालवू? पण न्हाय घालवलं तर आजचं कसं कळणार?

"काढ," म्हणालो.

जुनं बसलं. नंबर टाकला, उघडलं. पल्लवीचं नाव सगळ्यात वर. खाली एकच ओळ: हा मेसेज डिलीट केला आहे.

पाहुण्यांना व्हय म्हणाली का न्हाय? लिहून पुसलं कशाला? का दुसऱ्याच कुणी पुसलं? "काय लिहिलं होतंस?" म्हणून विचारलंय. अजून एकच टिक दिसतीय.