मिस्त्रीच्या खोलीतली भिंत

प्रिय ठमे,

तू बनवलेला तो संगणकावरचा खेळ मागच्या शनिवारी संपला. खरं म्हणजे त्यानेच मला संपवलं. सव्वा महिना लागला आणि एकवीस वेळा मेलो. नऊ वेळा धुळीच्या वादळात, सहा वेळा हवा संपून आणि चार वेळा तहानेने. टाकी काठोकाठ भरलेली, मी तिला टेकून उभा, आणि तहानेने मेलो! टाकी भरली तरी नळाजवळ जाऊन बटण दाबून पाणी प्यावं लागतं, हे कुठे लिहिलंयस तू? उरलेल्या दोन वेळा कसा मेलो ते मला अजून कळलेलं नाही. तुझी आई मागे खुर्ची टाकून बसायची. मी मेलो की ‘गेलात का परत?’ एवढंच विचारायची, चहा घेताय का विचारावं तशा आवाजात.

आता पाइपांबद्दल. छत्तीस वर्षं मी पाणीखात्यात फिटर होतो, त्यामुळे हे बोलल्याशिवाय मला राहवणार नाही. खेळातल्या तुझ्या त्या परग्रहावरच्या तळावर टाकी खाली खड्ड्यात आहे आणि न्हाणी वरच्या मजल्यावर. मध्ये पंप नाही. मग पाणी वर चढतं कसं? श्रद्धेवर? मी अर्धा दिवस पंप शोधत बसलो. शेवटी नुसता पाइप जोडून बघितला तर वर धो धो पाणी! गळती लागली तर पाइप बंद करायला एक व्हॉल्व्ह नाही. सांध्याच्या दोन्ही बाजूंना बसवायला गेलो तर पडद्यावर पाटी आली, ‘याची गरज नाही.’ गरज नाही? तुमच्या ऑफिसात चाळीस माणसं चार वर्षं बसली होती म्हणे. त्यांतल्या एकालाही कधी घरचा नळ दुरुस्त करावा लागला नाही? मला एक फोन केला असता तर सगळं पाच मिनिटांत सांगितलं असतं.

हे आईला म्हटलं, तर ती म्हणाली, ठमीने केला होता की फोन.

मग आठवलं. तीन वर्षं झाली असतील. मी दाढी करत होतो आणि तू विचारलंस, बाबा, साधारण दहा मीटर उंच पाणी चढवायला केवढा पंप लागतो? मी म्हणालो, खेळातल्या पाण्याला कसला आलाय पंप. आणि फोन आईकडे दिला. पुलांची ड्रॉइंगं करायची तुझी चांगली नोकरी सोडून तुला वर्षही झालं नव्हतं, आणि माझा राग अजून ताजा होता. म्हणजे तुझ्या तळावर पंप नाही तो माझ्यामुळेच. ठीक आहे. पण व्हॉल्व्हचं खापर मी माझ्या डोक्यावर फोडून घेणार नाही.

आईचं मात्र तुझ्या खेळाशी चांगलं जमलं. काचघरातलं सगळं तिने स्वतःकडे घेतलं. मी बाहेर भिंती जोडत असलो की ती मागून, ‘आधी माझ्या टोमॅटोंना पाणी द्या,’ म्हणून ओरडायची. एकदा वादळ येत होतं, मला आत पळायचं होतं, तरी तिने मला तीन रोपं उचलायला लावली. तो माझा बारावा मृत्यू. तिला त्याचं काहीच वाटलं नाही, रोपं वाचली म्हणून खूश होती.

आणि मग तो मिस्त्री. तुझ्या खेळातली ती मुलगी यान फुटून त्या उजाड ग्रहावर एकटी पडते, आणि रेडिओवर एक म्हातारा भेटतो. आधीच्या मोहिमेतला, दूरच्या केंद्रावर एकटाच उरलेला. म्हटलं, चला, बोलायला कोणीतरी आलं. तर पहिलंच वाक्य काय, ‘आधी पाणी बंद कर, मग पान्हा लाव.’ मी आईकडे बघितलं. आई पडद्याकडे बघत राहिली. पुढे तर त्याने कहरच केला. ‘हात आहेत की फावडी?’ ‘घाई असेल तर दुसरा धंदा बघ.’ आवाज कोणा नटाचा आहे, पण वाक्यं माझी आहेत, ठमे. खात्यात नव्या पोरांना मी हेच म्हणायचो आणि घरी तुलाही. प्रत्येक नवी खोली बांधली की तिचा नकाशा त्या मिस्त्रीला पाठवायचा आणि तो एकच शब्द उत्तर देणार, ‘बघितला.’ चांगला नाही, वाईट नाही, फक्त बघितला. मला त्या म्हाताऱ्याचा इतका संताप आला! मी हवेचं यंत्र दोनदा उखडून तिसऱ्यांदा नीट बसवलं, तेव्हाही ‘बघितला’. मी खुर्चीतून ओरडलो, अरे बाबा, नीट झालंय एवढं म्हणायला तुझं काय जातं? आई उठून आत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. म्हणाली, कांदा चिरत होते. कांदा तर घरात आदल्या दिवसापासून नव्हता.

मग एक दिवस रेडिओवर त्याचा आवाज यायचा थांबला. आठवडाभर नकाशे पाठवले, उत्तर नाही. तू त्या मुलीला त्याच्या केंद्रापर्यंत चालत जायला लावलंस. हवेच्या दोन टाक्या, वाटेत ती दरी, दरीत ती वादळं. माझे शेवटचे पाच मृत्यू त्या एका वाटेवरचे. प्रत्येक वेळी वाटायचं, जाऊ दे त्या खडूसला, आपला तळ बरा, टोमॅटो बरे. पण तरी निघायचो. शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास पोचलो एकदाचा. दार उघडलं. तो खुर्चीत बसलेला, जाऊन बरेच दिवस झालेले. आणि समोरच्या भिंतीवर, वरपासून खालपर्यंत, तो असेपर्यंत मी पाठवलेले सगळे नकाशे टाचलेले. पहिली वाकडी खोलीसुद्धा. प्रत्येकावर पेन्सिलीने बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं. ‘हा कोपरा तिने स्वतः शोधून काढला.’ ‘मला हे सुचलं नसतं.’ हवेच्या यंत्रावर, ‘उत्तम काम.’

मी संगणक तसाच बंद केला. खेळ पुढे थोडा उरला होता, तो दुपारी आईने संपवला.

मला फार राग आला होता. तुझ्यावरच. असं कोणी लिहितं का? बाप असा नसतो. निदान तुझा तरी नव्हता. तू दुसरीत असल्यापासून जमिनीखालची घरं काढायचीस. खोल्या, जिने, निळा पाइप गार पाण्याचा, लाल गरम पाण्याचा. मी जेवायला बसलो की कागद माझ्या ताटाशेजारी आणून ठेवायचीस आणि मी म्हणायचो, ‘बघितलं, ठेव तिकडे.’ पुष्कळदा बघितलेलंही नसायचं. तू मात्र त्या मिस्त्रीच्या भिंतीवर असा बाप टाचून ठेवलास, जो गुपचूप सगळं जपत होता. त्याच संध्याकाळी मी तुला दोन ओळी लिहायला बसलो होतो, की ती भिंत खेळातून काढून टाक, खोटी आहे. पण लिहवेना.

आणि आईने दुसरंच काढलं. म्हणाली, तिची ती लहानपणची चित्रं माळ्यावर असतील, हुडकून पाठवूया तिला, किती आनंद होईल. रविवारपासून ती रोज शिडी लावून माळ्यावर चढत होती. गाद्या काढल्या, जुन्या पेट्या उघडल्या, तुझी शाळेची दप्तरं झटकली. गुडघे धरून खाली यायची आणि म्हणायची, उद्या मागच्या बाजूला बघते. चार दिवस मी खाली उभं राहून शिडी धरली आणि तोंडातून शब्द काढला नाही.

आज सकाळी पाचव्या दिवशी ती शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होती, तेव्हा सांगितलं. ठमे, ती चित्रं घरात नाहीत. तू नोकरी सोडल्याचं कळवलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी आई बाहेर गेलेली असताना मी तो सगळा गठ्ठा रद्दीत घातला. त्याची दोरी सोडून बघितलंसुद्धा नाही. एकही कागद काढून ठेवला नाही. आई शिडीवरून उतरली, हात धुतले आणि म्हणाली, ‘हे मी तिला सांगणार नाही. तुम्ही लिहा, तुमच्या हाताने.’ त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. म्हणून हे पत्र. पाइप, पंप, एकवीस मृत्यू, हे सगळं मी या एका ओळीपर्यंत यायला वेळ लागला म्हणून लिहीत बसलो. माझं चुकलं. तेव्हाही चुकलं आणि त्याआधी प्रत्येक जेवणाला चुकलं. तुझा खेळ उत्तम आहे. तो मिस्त्री माझ्यापेक्षा चांगला माणूस आहे, त्याला आहे तसा राहू दे. पत्र तुला बुधवारपर्यंत मिळेल. गुरुवारी सकाळच्या गाडीने मी तुझ्याकडे येतोय. आईला विचारलं, येतेस का, तर मान हलवून नाही म्हणाली. दुपारी एकपर्यंत तुझ्या दाराशी पोचेन. उघडायचं की नाही, ते तू ठरव. मी बाहेर थांबेन.

तुझाच,
बाबा