अंबुबाईचा अंदाज

बेळगाव,
९ नोव्हेंबर १९८१

प्रिय रुक्मा,

पत्र बघून घाबरू नकोस. डावी बाजू गेली, पण उजवा हात शाबूत आहे, म्हणून मीच लिहितोय. अक्षर तेवढं वाकडं येतंय. शाळेत एखाद्या पोरानं असं काढलं असतं तर मी पाटी पुसायला लावली असती. शनिवारी मला दवाखान्यातून सोडणार आहेत.

इथं वॉर्डात अंबुबाई नावाची आया आहे. अर्धांगवायूचा झटका आलेला माणूस इथून सुटल्यावर कुठं जाणार, हे ती डॉक्टरांच्या आधी सांगते. डॉक्टर हात उचलायला लावतात, पाय दाबतात, कागदावर लिहितात. ही फक्त खाटेखालचं भांडं कोण उचलतंय ते बघते. शेजारच्या नागोजीला धड बसताही येत नव्हतं. अंबुबाई म्हणाली, "ह्यो सोमवारी घरला जातोय बघा. सून नाकाला पदर न लावता भांडं नेतीया." सोमवारी सुनेनं त्याला पाठुंगळी घेऊन टांग्यात बसवलं. पलीकडचा गुंडू तर काठी टेकत चालायला लागला होता, चार कर्ते मुलगे. अंबुबाईनं मान हलवली. "चौघंबी दारातनंच बोलत्यात. ह्यो मठात जाणार." गेला गं, बेवारशांना ठेवतात त्या मठात. जाताना माझ्याकडं बघून हसला, तेव्हापासून माझी झोप उडाली आहे.

तुझा भाऊ वाईट नाही. देवाप्पा वडगावातून रोज सायकलनं डबा आणतो, उशी सारखी करतो. पण भांड्याची वेळ झाली की बिडी ओढायला जातो. लहानपणी माझ्यासमोर उभं राहायचीही त्याला भीती वाटायची. मीच तसा वाढवला. आता जवळ ये म्हणून कसं सांगू?

काल धीर करून अंबुबाईला विचारलं, आणि माझं काय? ती म्हणाली, "मास्तर, तुम्ही एखादी कविता म्हणा," आणि पुढच्या खाटेकडं गेली. मी म्हणायला गेलो. चौथीच्या पुस्तकातली, तुम्हा पोरांना चालीवर शिकवलेली. पहिली ओळ आली. दुसरी आलीच नाही. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं, आणि मला हुडहुडी भरली.

संध्याकाळी देवाप्पानं सांगितलं. त्याच्या दोन खोल्यांत विणकामाचे माग बसलेत, खाट मावत नाही, हे खरंच आहे. मला कणकुंबीकडच्या रानातल्या आपल्या रिकाम्या घरात ठेवायचं ठरलंय. शेजारचा मष्णू दोन वेळा भाकरी देईल. "तितं हवा लई चांगली हाय, आप्पा." हवा चांगलीच आहे. पण भाकरी ठेवून मष्णू रानात गेला की दार बाहेरून ओढलेलं, आणि मला कूसही बदलता येत नाही. अंगावर मुंग्या चढल्या तर हाक कुणाला मारू? तरी मी त्याला बरं म्हणालो.

तुझ्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली. निपाणीला कितीदा आलो, पण बापानं लेकीच्या घरी राहू नये म्हणून ओट्यावर बसून शेवटच्या गाडीनं परतलो. एकदा तू ताट वाढून ओट्यावर आणलंस, तेही मी परत पाठवलं. आता तुझ्या घरात एक खाट मागतोय. जावईबापूंना विचार. ते नको म्हणाले तर कळवू नकोस, मी समजेन. हो म्हणाले तर शनिवारी दहाच्या आत ये. दहाला देवाप्पा गाडी घेऊन येणार आहे. रुक्मा, मला भीती वाटते.

तुझाच,
आप्पा