ऊर्णा हे नाव का नको

३ मार्च
रोजनिशीची सवय नाही, पण लिहिणं भाग आहे. आज जेवताना सुनेने जाहीर केलं, मुलगी झाली तर नाव ऊर्णा. ते माझ्या मुलीचं नाव आहे. मुलाच्या आधीची, आठवडाभरही राहिली नाही. मुलाला कधी सांगितलं नाही. हे गेल्यापासून ते नाव एकट्या मला माहीत. हिला कुठून सापडलं? विचारलं तर नुसती हसली.
दुसरीला दिलं की माझ्या मुलीचं काय उरणार? असो. भावनेचा प्रश्नच नाही. मुद्देसूद विरोध करायचा. परवापर्यंत विषय संपवते.

५ मार्च
मुद्दा पहिला, अर्थ. ऊर्णा म्हणजे लोकर, लोकर टोचते. (पोटुशी असताना टोपरं विणत होते, त्यावरून मीच शोधलं होतं. हे सांगितलं नाही.) सून म्हणाली, किती ऊबदार. मुलगा म्हणाला, छान म्हटलंस तर जीभ झडणार आहे का? दुर्लक्ष केलं.

९ मार्च, दुपार
मुद्दा दुसरा, हे नाव हल्ली फार बोकाळलंय. पुरावा गोळा करायला बाहेर पडले. औषधवाल्याने ऐकलेलं नाही. शिंपीणबाईंनीही नाही. सुनेच्या फोनवर लिहिलंय, अत्यंत दुर्मीळ. तिला नेमकं तेच हवंय.
सर्दीने डोळ्यांतून पाणी येतंय.

११ मार्च
डॉक्टर म्हणतात सर्दी नाही. डॉक्टर बदलणार.

१४ मार्च
अखेर पुरावा! वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, हे तर अगदी रोजचं नाव. कुठे, कोणाकडे, मी खोदून विचारलं.
"अहो, तुमच्या वायफायचा पासवर्ड."
वायफाय बसवणारा म्हणाला होता, कधी विसरणार नाही असं काहीतरी टाका. टाकलं. आल्यागेल्याला, नळवाल्यालासुद्धा, एकेक अक्षर मीच सांगत आलेय. आणि म्हणे एकट्या मला माहीत.
उद्या बदलते.

१५ मार्च
बदलला. नवा मलाच आठवेना. घरभर बोंब. मुलाची मीटिंग बुडाली. सून स्वयंपाकघरात आली, म्हणाली, जुनाच परत टाकू या. मग हळूच, "आई, नावापुढचे ते आकडे कसले?"
काही झालं तरी सांगायचं नाही, हे सकाळीच ठरवलं होतं.
"तिचा वाढदिवस," म्हटलं.
मग सगळं सांगितलं. मुलगा दारातच उभा होता. शेवटी म्हणाला, "दिसायला कशी होती?"
"तुझं नाक तिच्यावर गेलंय."
सून म्हणाली, तुम्ही नको म्हणालात तर नाही ठेवणार. विचार करून सांगते म्हटलं. आपला विरोध कायम आहे.

२० मे
मुलगी झाली. नाक तेच.
सुनेच्या हाती दिलं: टोपरं एक, कोरं. नाव एक, जेमतेम वापरलेलं.