फोटोतल्या सुपाचा काठ

माय,

तुझा डावा खांदा आता कसा आहे? तिकडे डोक्यावर ओझं नसेल, तर दुखणं उतरलं असेल. बाबांची धाप कमी झाली का? मोठ्या आत्याचे गुडघे अजून कुरकुरतात का? आणि आपली धाकटी, गोवरात गेली ती, तुझ्याजवळच निजते ना? तिला खोकला लवकर धरायचा, थंडीचं टोपडं घालत जा. मी बरी आहे. डोळ्याला चष्मा लागला, बोटं सकाळी आखडतात, ऊन लागलं की सुटतात. डोकं मात्र फार तापलंय, आणि तेही एका मोबाईलवर. अंगठा लावणाऱ्या बाईची पोरगी पत्र लिहिते, तेही पुस्तकी भाषेत, म्हणून तुला हसू येईल. लेकाच्या शाळेच्या पुस्तकांवरून शिकले, त्याच्याच शेजारी बसून. लिहायला बसलं की हात तसा चालतो, तोंड मात्र अजून आपल्याकडचंच आहे.

तुला जाऊन इतकी वर्षं झाली की मोबाईल म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. हातात मावणारा बाजार समज. मूल गावच्या बाजारात आपण पोतं अंथरून सुपं मांडायचो, तसं सुनेनं माझ्यासाठी त्यात एक दुकान मांडून दिलंय. सून सिरोंच्याची, तिकडच्या तेलुगू रीतीनं सासूला, म्हणजे मला, अत्तम्मा म्हणते, आणि या कामात मोठी हुशार आहे. तिनं नेम घालून दिले. रोज एक फोटो, सकाळच्या उजेडात काढलेला, मागं वाळत घातलेली लुगडी दिसता कामा नयेत. विणतानाचा छोटा व्हिडिओ, त्यात माझं तोंड हवं, कारण तिच्या मते लोक आधी माणसाला पाहतात, मग सुपाला. आणि कोणी काही विचारलं तर ताबडतोब उत्तर. फोटो काढले, तोंडही दाखवलं. उत्तरावर येऊन सगळं अडलं.

कारण लोक येतात आणि एकच शब्द लिहितात, "प्राइस?" राम राम नाही, कुठून आलो ते नाही. आणि माझ्या पाठीत अजून तुझा धपाटा आहे. मी दहा-अकरा वर्षांची. बाजाराचा दिवस, राइस मिलचा कोंडा उडून केसांवर बसतोय. तू पाणी आणायला जातेस आणि तेवढ्यात एक बारीक चणीची बाई येते, वरचं मोठं सूप उचलते, "केवढ्याले?" म्हणते. मी भाव सांगते, ती पैसे टाकते, जाते. तू आल्यावर मी मोठ्या दिमाखात पैसे पुढे करते, तर तू धपाटाच घालतेस. "भाव सांगून देल्ला? तिचा हात पाह्यला का? घरी किती तोंडं हायेत, विचारलं का? काऊन नाई विचारलं?" पुढच्या बाजारी ती बाई मनगट चोळत आलीच. तू तिला बसवलंस, पाणी दिलंस, धाकट्या सुपात मूठभर तांदूळ घालून पाखडायला लावलंस. "आता कसं वाटते वो बाई?" ती हसली. पहिलं सूप तू चकार शब्द न काढता परत घेतलंस. तेव्हापासून कुठली, कोणाची, घरी खाणारे किती, हे विचारल्याशिवाय मी कोणाला भाव सांगितलेला नाही.

मोबाईलवरही तेच केलं. "प्राइस?" आलं की मी लिहायची, बाई, कुठल्या तुम्ही, घरी माणसं किती, खांदा-मनगट दुखतं का. पलीकडून चिडीचूप. एकानं तर लिहिलं, "आजी, सूप विकता की स्थळं पाहता?" आणि त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. सूनही हसली, मग कपाळावर हात मारून घेतला. "अत्तम्मा, रेट पहिले टाका वो! पंचाईत मागून करा. इथी माणूस बसत नाई, अंगठ्यानं पुढे सरकते."

"सरकू दे. ज्याले दोन शब्द बोलाले फुरसत नाई, तो पाखडन काय?"

"पाखडते कोण? घेऊन भिंतीले टांगतात!"

मला खरं वाटेना. तिनं दाखवलं. एका मोठ्या घरात सोफ्याच्या वर आपलं सूप खिळ्याला लटकलेलं, आत लाल फुलं रंगवलेली. माय, त्या सुपाला तांदळाचा एक दाणा लागला नव्हता. आता भिंतीला कोणता खांदा आणि कोणतं मनगट विचारू? त्या दिवशी मी मोबाईल चुलीजवळ पालथा घातला.

हा माझ्या एकटीचा राग असता तर गिळला असता. पण माझ्याबरोबर चार बाया विणतात. धान कापून झालं की दरसाल टेम्पो येतो आणि बायांना गोदावरीपलीकडे मिरची तोडायला घेऊन जातो. दोन-दोन महिने डोळ्यांची आग, हाताची आग, लेकरं इकडे कोणाच्या तरी दारी. यंदा मीच पावसाळ्यात छाती पुढे काढून म्हटलं, जाऊ नका, मोबाईलवर सुपं विकून दाखवते. त्यांनी विश्वास ठेवला. एकीनं तर मुकादमाला तोंडावर सांगितलं, "आमची आजी आता मोबाईलवाली झाली, तू दुसऱ्या बाया पाह्य."

आणि काम आलंही होतं. पुण्याच्या एका दुकानवाल्या बाईनं लिहिलं, दर महिन्याला चाळीस सुपं हवीत, फोटोत आहे तशीच, दर आणि तारीख कळवा. चौघींचा हिवाळा त्यात निघाला असता. सून माहेरी गेली होती. मी लिहिलं, बाई, कुठल्या तुम्ही मूळच्या, घरी कोण कोण? ती म्हणाली, फक्त दर आणि तारीख सांगा. मी लिहिलं, सुपं किती माणसांच्या घरात जाणार, बायांचे हात कसे? तिसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं, "राहू द्या."

सून परत आली, सगळं वाचलं, ओरडली नाही. चहा करून आणला, शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "अत्तम्मा, रेट तर मी कागदावर लिहून ठेवला होता ना?" चौघी समोरच बसलेल्या. मी ताठ मानेनं सांगून टाकलं, माझ्या मायची शिकवण आहे, माणूस विचारल्याशिवाय भाव सांगत नाही. त्यावर एक जण म्हणाली, "बरोबर हाय आजी. मायचं मोडू नये." तिच्या बोलण्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. काल तीच माझी जुनी घोंगडी मागायला आली. "तिकडं पहाटची लय थंडी पडते वो." मी दिली.

आता जे कोणालाच सांगितलं नाही, ते तुला सांगते. फोटोतलं सूप माझं नाही, तुझं आहे. तुझ्या हातचं शेवटचं, माझ्या चुलीवर टांगलेलं, धुरानं तांबूस झालेलं. सुनेनं तेच पहिल्यांदा उतरवून फोटो काढला, तिला वाटलं माझंच. त्याच फोटोला लोक लिहितात, "आजी, काय हात आहे!" आणि मी जोडलेले हात पाठवते. त्याचा काठ तू असा बांधलास की बांबूच्या कामटीचं शेवटचं टोक कुठं शिरलं ते बोटालाही सापडत नाही. माझ्या सुपाला ते टोक दिसतंच, वरून दोरा गुंडाळावा लागतो. तू हाक मारली होतीस, "बस, काठ पाहून घे." मंडईच्या जत्रेत दंडारीचा खेळ उभा राहिला होता, ढोलकी ऐकू येत होती, मी पळाले. म्हटलं, उद्या पाहू.

तू बायांना विचारायचीस ते सूप हाताला बसावं म्हणून. मी त्या पुण्याच्या बाईला विचारत राहिले, कारण "फोटोत आहे तशीच" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि नाव तुझं पुढे केलं.

हे पत्र टाकायला पेटी नाही. तुझ्याच सुपात ठेवून चुलीवर परत टांगते. तुला लिहिता येत नाही, ठाऊक आहे मला, बाजूच्या कोणाकडून लिहून घे. बाकी काही नको, ते शेवटचं टोक कुठून आत घालायचीस तेवढं लवकर कळव. आज शनिवार आहे, माय. टेम्पो सोमवारी येतो.