मधाच्या जागी अक्षता

७ डिसेंबर, रविवार
सकाळी मधमाश्यांची पेटी मागून एका हातानं उचलून पाहिली. सहज उचलली गेली. या दिवसांत तशी उचलली जायला नको. आत सहा पोळी, मध कडेला बोटभर.
चूक माझीच. खुरासणीचं पीक फुलात असताना पाऊस लागून राहिला, मध जेमतेम झाला. तरी काकड आरतीच्या समाप्तीला पंचामृतासाठी होता तेवढा काढून दिला. पहिला मध देवाचा, असं बोललो होतो. जांभूळ फुलायला अजून तीन महिने. तोवर यांनी खायचं काय?

८ डिसें.
म्हादूमामा ओट्यावर येऊन बसला. सत्तरी ओलांडली, उभा जन्म झाडाच्या ढोलीतला मध काढण्यात गेला. पेटीला नाक लावून म्हणाला, "उपाशी हायेत. सातेरी माशी लई मानी, भाच्या. न्हाई मिळालं तर उठून जाती. एक दिवस बघशील तर पेटी मोकळी."
काय घालू, विचारलं तर हसला. "आमी जन्मभर त्यांचं खाल्लं. त्यांना खायला घालायचं कुनी शिकिवलंच न्हाई."

९ डिसें.
दुकानचा मध नको. कुठल्या माश्यांचा कोण जाणे, त्यांचा आजार इकडे यायचा. साखर कारखान्याची, पांढरीफेक. मी चहातसुद्धा सोडली. गूळ बरा. देवाला चालतो, बाळंतिणीला चालतो. दत्तजयंतीच्या प्रसादाचा उरला आहे. पाण्यात विरघळवला, गाळला, वाटीत काड्या टाकल्या (बुडू नयेत म्हणून), वाटी पेटीत ठेवली. हात जोडले.

१० डिसें.
वाटी कोरडी. बरं वाटलं. परत भरली.

१३ डिसें.
धरणावरून येणारा वारा बोचतो. पेटीच्या दाराशी, फळीवर तपकिरी ओघळ. खाली वीसपंचवीस मेलेल्या, पोटं फुगलेली.
माशी स्वतःच्या घरात घाण करत नाही. थंडीत कळ काढते, ऊन पडलं की बाहेर लांब जाऊन मोकळी होते. चार वर्षं पाहतो आहे आणि दर वेळी मनातल्या मनात नमस्कार करतो. त्यांच्या दारात हे. माझ्यामुळे.
सौ. मागे येऊन उभी राहिली. "हगवण लागलीया त्यांना. काय घातलंत?"
"गूळ."
"परसादाचा?"
मान हलवली.
"देवाला पचतो म्हून माशीला पचंल व्हय?"

१४ डिसें., रवि.
पेटी सांभाळायला ज्यांनी शिकवलं त्या सरांना फोन. रागावले नाहीत. म्हणाले, "गुळात साखरेखेरीज बरंच काही असतं. ते त्यांच्या पोटात साठतं, आणि थंडीत बाहेर पडता येत नाही. स्वच्छ पांढरी साखर द्या. दोन वाट्या साखरेला एक वाटी पाणी. करपू देऊ नका. आणि संध्याकाळी द्या, दिवसा दिलं तर दुसऱ्या माश्या लुटायला येतात."
जिला नावं ठेवली तीच साखर.
सौ.नं पाणी तापवून खाली उतरवलं, मग साखर ढवळली. बरणीच्या झाकणाला सुईनं बारीक भोकं पाडली, बरणी उलटी धरली. दोन थेंब पडले आणि गळणं थांबलं. तशीच उलटी पोळ्यांवर ठेवायची. "आता हवं तेवढंच वढतील. बुडायचं न्हाई, सांडायचं न्हाई." मी वाटीत काड्या टाकत बसलो होतो. या बाईनं पेटी कधी उघडून पाहिलेली नाही, आणि तरी.

१८ डिसें.
फळी ओल्या फडक्यानं पुसली होती. आज नवे ओघळ दोनच.
झाकण जरासं उचलून पाहिलं. अंगाला अंग लावून गोळा करून बसल्या आहेत. सर सांगतात, बाहेरची गारठली की आत सरकते, आतली बाहेर येते. तुझी पाळी, असं कुणी म्हणत नाही. हरिपाठाला बसलो तरी तेच डोळ्यांपुढे.
पण मधलं पोळं काढून पाहिलं तर राणीचं अंडं एकही दिसलं नाही. मामा म्हणतो, जायच्या तयारीत असल्या की अंडी बंद.

२५ डिसें.
माश्या अजून आहेत. एवढंच.

२ जाने.
देवापुढे बसलो होतो, मन लागेना. सौ.ला म्हणालो, देवाला दिलं ते यांच्या तोंडचं काढून दिलं.
ती वाती वळत होती. "पूजेत जानवं नसलं की अक्षता. वस्त्र नसलं की अक्षता. मग मध नसला तर?"
"अक्षता."
"देवाचं अक्षतांवर भागतं. त्यांचं भागंल का?"
सत्तेचाळीस वर्षांत पूजा किती वेळा पाहिली. हे सुचलं नाही.

१४ जाने., संक्रांत
पंचामृत केलं. दूध, दही, तूप, साखर. मधाच्या जागी अक्षता वाहिल्या.
मामा तिळगूळ खाऊन गेला. "गोड बोल, पन ह्यास्नी ह्यातलं नको घालूस, बाबा!" सौ. पदराआड हसली.
दुपारी ऊन चांगलं पडलं आणि एकदम सगळ्याच बाहेर. पेटीपुढे घोंघावणारा ढग. उठून चालल्या की काय? मामाला हाक मारून परत बोलावलं. राणी अडवायची जाळी हातात होती; ती अडली की बाकीच्या जात नाहीत. "दाराला लावू का?"
त्यानं कपाळावर आडवा हात धरून वर पाहिलं. "तोंडं कुनीकडं हायेत ते बघ. पेटीकडं तोंड करून उडत्यात त्या नव्या पोरी, घर वळखून घेत्यात. जानारी मागं बघत न्हाई."
पाहिलं. पुष्कळांची तोंडं पेटीकडे. काहींची डोंगराकडे.
जाळी लावली नाही. अडवून कुणाला ठेवायचं?
ऊन उतरलं तसा ढग विरळ झाला. किती आत गेल्या, किती नाही, मोजता आलं नाही. पेटी उचलून पाहायचा धीर झाला नाही.
सौ.नं बरणी भरून ठेवली आहे. दिवा लावला की घेऊन जातो.